असईचा उतार

आमच्या घरी दिवाळी वसुबारसेने सुरू होत नसे, चिखलाने होई. नारायण पेठेतल्या वाड्याच्या मागल्या अंगणात माती कालवली, चार विटा आणि एक फाटके पोते हाती लागले, की किल्ल्याचे काम सुरू. किल्ला मी बांधायचा आणि त्यातल्या चुका अण्णाने काढायच्या, अशी कामाची वाटणी होती. अण्णा माझ्याहून पाच वर्षांनी थोरला. मी बुरूज लिंपत असलो, की तो पायरीवर बसून विचारी,

"पुरंदरचा तह कोणत्या साली?"

"सोळाशे पासष्ट."

"किल्ले किती द्यावे लागले?"

"तेवीस."

"आणि महाराजांकडे राहिले किती?"

"बारा."

चुकलो तर दंड एक करंजी. तो चुकला तर त्याचीही एक करंजी, पण तो चुकत नसे. एका दिवाळीत मी ओळीने इतके प्रश्न हरलो, की माझ्या वाटच्या करंज्यांचा त्याने पुरंदरचा तह केला: तेवीस मोगलांना, बारा मला. आईला हे कळले तेव्हा तिने मोगलांच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि तह मोडीत काढला.

वडिलांच्या कपाटात सरदेसायांच्या रियासती होत्या आणि ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास होता. १९६१ साली पानशेतचे पाणी घरात शिरले, तेव्हा खालच्या फळीवरची पुस्तके भिजून पावासारखी फुगली. गच्चीवर वाळत घातलेली ती पाने चाळता चाळता आम्ही दोघांनी जेवढा इतिहास वाचला, तेवढा शाळेत कधी वाचला नाही. पुढे अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर झाला, मी बँकेत चिकटलो. त्याने जन्मभर कालव्यांच्या पातळ्या मोजल्या, मी नोटा मोजल्या. बंदूक दोघांपैकी एकानेही हातात धरली नाही. पण त्याचे कार्ड आले, की क्षेमकुशलाच्या खाली एक ओळ हमखास असायची: 'खर्ड्याच्या लढाईचे साल कळव.' मी '१७९५' एवढेच लिहून उलट टपाली एक प्रश्न धाडायचा. ह्या व्यवहारात आमच्या बायका सामील नव्हत्या, हे सांगायला नकोच.

वाचकहो, सनावळ्या पाठ असणे म्हणजे काही विद्वत्ता नव्हे. पण साठ वर्षे दोन भाऊ ज्या दोरीने बांधलेले राहिले, ती दोरी सुताची की रेशमाची हे कोणी पाहत नाही.

ती दोरी माझ्याच हातून तुटायची वेळ आली. नातवाच्या मुंजीत पंगत बसली होती. अण्णा समोर होता. इतक्या दिवसांनी भेटलेला, मी सवयीने, नुसता घसा साफ करावा तसा प्रश्न टाकला, "काय अण्णा, पानिपत कोणत्या साली?"

अण्णाने माझ्याकडे पाहिले. मग पानाकडे पाहिले. "सांगतो," म्हणाला, आणि सांगेना. मागे वाढायला उभे असलेले एक पोर ओरडले, "सतराशे एकसष्ट!" सगळी पंगत हसली. मीही हसलो. अण्णा जिलबी तशीच टाकून हात धुवायला उठला.

निघताना वहिनींनी मला बाजूला घेतले. "भाऊजी, ह्यांना आता काही विचारत जाऊ नका. वर्षभर असंच चाललंय. साल आठवत नाही, की दिवसभर घरात फेऱ्या घालतात." अण्णाला तेव्हा एक्याऐंशी पुरी झाली होती. त्यानंतर चार महिने त्याचा फोन नाही आणि माझी करायची छाती नाही.

दसरा झाला आणि एका सकाळी फोन वाजला. "असईला जायचंय," अण्णा म्हणाला. "येतोस?"

असई आम्ही कधी पाहिली नव्हती. तिथे पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारले असते तर सांगता आले नसते. पण २३ सप्टेंबर १८०३ हा दिवस त्या पायरीवर मला सर्वांत जास्त करंज्यांना पडला होता.

पुतण्याने गाडी आणि गाडीवर एक तरुण ड्रायव्हर दिला. वहिनींनी डबा दिला. दिवाळीला अजून दहा दिवस होते, पण करंज्यांचा पहिला घाणा त्यांनी आमच्यासाठी काढला होता. डबा माझ्या हाती देताना त्यांनी एकच वाक्य उच्चारले: "सांभाळून." ते डब्याविषयी नव्हते.

शिरूर गेले, सुपे गेले. मी हवेविषयी बोललो, रस्त्याविषयी बोललो, कांद्याच्या भावाविषयी बोललो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) आले तेव्हा अण्णा म्हणाला, "विचार की."

"काय विचारू?"

"नगर आलं. पुण्यापासून तू भावजीबुवांसारख्या गप्पा मारतोयस. विचार."

मी मनातल्या मनात सोपा प्रश्न शोधला. "नगरचा किल्ला वेलस्लीने कुणाकडून घेतला?"

"शिंद्यांकडून," अण्णा म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. जरा वेळाने म्हणाला, "तिसरीतल्या पोराला विचारतात तसले प्रश्न मला विचारू नकोस. त्यापेक्षा विचारूच नकोस."

नगरच्या पेठेवर ८ ऑगस्ट १८०३ ला शिड्या लागल्या आणि १२ तारखेला किल्ला पडला. दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहाने आपली मान इंग्रजांच्या हाती दिल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि त्यामुळे पेशव्यांचे सरदार ह्या मोहिमेत वेलस्लीच्या बाजूने होते. त्यातल्या गोखल्यांनी पुण्यास कळवले, की हे इंग्रज लोक अजब: सकाळी आले, भिंत पाहिली, चढून गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत गेले! हा किस्सा अण्णाचा लाडका. पूर्वी तो न्याहारीशी आला, की स्वतःच मोठ्याने हसायचा. त्या दिवशी तो मलाच सांगावासा वाटला. पण गप्प राहिलो.

छत्रपती संभाजीनगर ओलांडून जालन्याच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडीत फक्त ड्रायव्हरची गाणी चालू होती. बदनापूरची पाटी दिसली आणि अण्णा एकदम म्हणाला, "गाडी हळू घे रे. हं, आता मी विचारतो. इथे काय झालं?"

उत्तर मला येत होते. २१ सप्टेंबर १८०३ ला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन इथे भेटले. शिंदे आणि नागपूरकर भोसले भोकरदनच्या बाजूला आहेत असे कळले होते. दोघांनी मधल्या डोंगराच्या दोन अंगांनी दोन वाटा धरायच्या आणि २४ ला एकत्र होऊन हल्ला करायचा, असे ठरले. हे मी तारखांसकट सांगितले.

"दोन वाटा का?"

"सगळी फौज एका खिंडीतून काढायला दिवसाहून जास्त लागला असता. आणि एक वाट मोकळी सोडली असती, तर मराठे त्या वाटेने दक्षिणेला निसटले असते."

अण्णाने मान हलवली. "तारीख मला सांगता आली नसती," तो म्हणाला. आजाराविषयी तो माझ्याशी तेवढेच बोलला. "का, ते मात्र आलं असतं."

रात्री जालन्यात लॉजवर उतरलो. जालना पूर्वी सोन्याच्या पाळण्यासाठी म्हणीत होते. आता मोसंबीसाठी, बियाण्यांसाठी आणि लोखंडाच्या सळयांसाठी प्रसिद्ध आहे. सकाळी निघालो तो वाटेत राजूरच्या गणपतीचे दर्शन घेतले. अण्णा देवापुढे फार वेळ हात जोडून उभा राहिला. इतका देवभक्त तो कधी नव्हता.

राजूरच्या पुढे काळी जमीन लागते. कपाशीची बोंडे फुटून शेते पांढरी दिसत होती; मधूनच मक्याची कणसे सोलत बसलेल्या बायका, रस्त्यावर सोयाबीन पसरून ठेवलेले. जमीन सपाट दिसते आणि सपाट नाही. हळूच उतरते, हळूच चढते, आणि त्या घडीत पलीकडचा माणूस काय, पलटणसुद्धा दिसू नये. वेलस्लीचे असेच झाले. २३ ला अकराच्या सुमारास तो नळणीला मुक्कामाला पोचतो तो बातमी आली, की शत्रू भोकरदनला नाही, इथेच, दोन-तीन कोसांवर आहे. स्टीव्हन्सन दूर. जवळ कवायती माणूस साडेचार हजार, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ. समोर केळना नदीच्या पलीकडे अकरा हजारांच्या आसपास कवायती पायदळ, १०० हून अधिक तोफा आणि नजर पोचेल तिथवर घोडेस्वार. हे पायदळ महादजींच्या काळी द बॉयन्याने घडवलेल्या परंपरेतले. त्या दिवशी त्याचा मुख्य होता पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. चौतीस वर्षांच्या वेलस्लीने थांबायचे नाही असे ठरवले. पण नदी ओलांडायची कुठे? समोर ओलांडावी तर तोफांच्या तोंडी. वाटाड्यांना विचारले, ते म्हणाले, खाली उतार नाही.

आम्ही केळनेच्या दक्षिण काठाने जात होतो. पावसाळा नुकताच सरलेला. पात्रात गढूळ पाणी होते, आणि दरडी अशा उभ्या, की बैलाने पाणी प्यायला उतरतानाही विचार करावा. अण्णाने गाडी थांबवायला लावली. काठी टेकत तो दरडीपर्यंत गेला. मी मागे. माझ्या मनात वहिनींचे 'सांभाळून' होते.

तो बराच वेळ नुसता पाहत उभा राहिला. आधी पाण्याकडे, मग वर, मग खाली. असा उभा राहिलेला अण्णा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो नोकरीत काय करतो हे मी कधी विचारलेही नव्हते. त्याच्या खात्यात लढाया नव्हत्या ना!

"ते गाव कोणतं?" त्याने काठीने अलीकडचे एक गाव दाखवले.

मी मोबाइलवर पाहून नाव सांगितले.

"आणि त्याच्या समोर, पलीकडे?"

तेही सांगितले.

"मग उतार तिथे," अण्णा म्हणाला. "त्या दोन गावांच्या मध्ये. अशी तोंडाला तोंड लावून दोन गावं बसली, की समजावं मधे पाणी उथळ आहे. ह्या गावच्या मुली त्या गावात देत असतील, तिथली जनावरं इकडे येत असतील. ती काय पोहत येतात? धरणाच्या सर्व्हेला गेलो, की आम्ही आधी हेच पाहायचो."

माझ्या अंगावर काटा आला. वेलस्लीने हेच केले होते, अगदी हेच. दुर्बिणीतून त्याला नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. वाटाडे काहीही म्हणोत, दोन गावे अशी वसली म्हणजे मधून जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असे त्याने ताडले, माणूस पाठवून खात्री केली आणि फौज तिथून पार नेली. पुढे म्हातारपणी, वॉटर्लू जिंकून झाल्यावर, तुम्ही रणांगणावर केलेली सर्वांत चांगली गोष्ट कोणती असे कुणीतरी त्याला विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले ते एका शब्दात: असई.

अण्णाला ही हकीकत आठवली होती, की त्याने ती पाण्याकडे पाहून नव्याने काढली? विचारायचे ओठावर आले होते. विचारले नाही.

पुढली लढाई तीन तासांची. नदी उतरताना वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे मस्तक तोफगोळ्याने उडाले. पार झाल्यावर त्याला वाटले, मराठ्यांची बगल हाती आली. पण पोलमनची पायदळे एका बाजूकडून दुसरीकडे अशी शिस्तीत वळली, की केळना आणि जुई ह्या दोन नद्यांच्या मधे, असई गावाला टेकून, नवी फळी तोफांसकट उभी राहिली. भर लढाईत पलटणी अशा वळवणे हे सोपे काम नव्हे. मराठी माणसाने असईची आठवण निघाली की मान खाली घालायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. उजव्या अंगाची इंग्रजी तुकडी वाट चुकून थेट असईच्या तोफांपुढे गेली, तिच्या मागे ७४ वी हायलँडर पलटण गेली, आणि त्या पलटणीच्या पाचशेंपैकी सुमारे चारशे माणसे पडली किंवा जखमी झाली. एकंदर १,५८४ माणसे वेलस्लीने मेलेली, जखमी आणि बेपत्ता मिळून गमावली. लढणाऱ्यांचा तिसरा हिस्सा! मग तोफा पडल्या. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. घोडदळ मात्र, म्हणजे शिंद्यांचे आणि भोसल्यांचे, बहुतेक पाहतच राहिले. आणि केळनेच्या अलीकडे पेशव्यांचे घोडदळ त्यांना अडवून उभे होते, म्हणजे मराठ्यांना मराठे. ते दृश्य पाहणाऱ्यांत वेलस्लीबरोबर तेवीस वर्षांचा एक मुलकी अधिकारीही होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन तो हाच.

असई गावात आम्ही शिरलो तेव्हा ऊन चढले होते. गाव चारचौघांसारखे. पारावर बसलेल्यांना लढाईचे विचारले तर एकाने हात करून सांगितले, "समदं रानच लढाईचं हाय, बाबा. कुठं बी उभं ऱ्हावा." एका घरी पाणी मागितले. आजीबाईंनी तांब्या दिला आणि आम्ही कशाला आलो ते कळल्यावर दाराआड टेकवून ठेवलेला लोखंडी गोळा पुढे ढकलला. नांगराला लागलेला, सासऱ्यांच्या वेळचा. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेला.

आम्ही दोघे म्हातारे त्या गोळ्यापुढे अशा तऱ्हेने बसलो, की आजीबाईंना हसू आले. "किती पौंडी?" मी म्हणालो. "नऊ," अण्णा म्हणाला. "सहा," मी म्हणालो. आजीबाईंच्या नातवाने कापसाचा काटा आणला, गोळा फडक्यात बांधून लटकवला. अडीच किलोंच्या वर थोडा काटा गेला. गंजून झिजलेला धरला तर सहा पौंडी. मी जिंकलो होतो. अण्णा हसला. मुंजीनंतर पहिल्यांदा.

"इंग्रजांचा का आपला?" नातवाने विचारले.

सहा पौंडी तोफा दोन्हीकडे होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि गोळा पुन्हा दाराआड ठेवला.

परत निघालो. जुईच्या बाजूची शेते मागे पडत होती. अण्णा म्हणाला, "मी विचारू?"

"विचार."

"वेलस्लीच्या हाताखालचे दोन घोडे त्या दिवशी गेले. दुसऱ्याच्या छातीत भाला बसला. त्याचं नाव?"

हे त्याला आठवत होते! "डायोमिड," मी म्हणालो.

"बरोबर. आता दुसरा प्रश्न. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेली, तेव्हा आपले काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले होते. फळी पुढे गेल्यावर ते उठले आणि त्याच तोफा त्यांनी फिरवून मागून डागल्या. इंग्रजांना पुन्हा मागे यावं लागलं. ते गोलंदाज तिथेच तोफांशी कापले गेले. होय ना?"

"होय."

"त्यांतल्या एकाचं नाव सांग."

मी रियासत आठवली, ग्रँट डफ आठवला, भिजून वाळलेली सगळी पाने एकामागून एक आठवली. कर्नल मॅक्सवेल पडला ते आठवले, वाट चुकलेल्या तुकडीच्या ऑरकचे नाव आठवले, घोड्याचे तर सांगूनच झाले होते.

"येत नाही," मी म्हणालो.

"मलाही येत नाही," अण्णा म्हणाला. "पण विचारलं मी. तू हरलास. डबा इकडे दे."

त्याने डबा मांडीवर घेतला, माझ्या वाटची करंजी काढली, अर्धी ड्रायव्हरला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. सारण थोडे शर्टावर सांडले ते झटकले.

"आता तुझी पाळी," तो म्हणाला. "आणि नीट विचार. नगरसारखा नको."

भोकरदन येईपर्यंत मी विचार केला. मग विचारले, "नागपूरकर भोसल्यांचा देवगावचा तह आणि शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा, दोहोंत किती दिवसांचं अंतर?"

अण्णाने डोळे मिटले. बोटे मोजली. पुन्हा मोजली. राजूरच्या देवळाचे शिखर दिसू लागले तरी तो मोजतच होता.

"नाही बुवा," तो शेवटी म्हणाला.

"तेरा," मी म्हणालो. "सतरा डिसेंबर आणि तीस डिसेंबर."

"तेरा," अण्णा म्हणाला, आणि डबा माझ्यापुढे धरला. मी करंजी घेतली.